मोटार कोरडी चालतेय हे कानाला कळतं का?

पत्र

सर, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावचा, वय २८. जळगावला इंजिनिअरिंग केलं, मग चार वर्षं पुण्यात काढली, आणि गेली दोन वर्षं पुण्यातल्याच कंपनीचं काम घरून करतो. सहा वर्षांत चार फ्रेमवर्क (प्रोग्रॅम उभारायचे तयार सांगाडे) बदलली. एक हाताला बसेपर्यंत दुसरं येतं. ऑनलाइन अकरा कोर्स विकत घेतले, दोन पूर्ण झाले. टेबलावर नऊ जाडजूड पुस्तकं आहेत, त्यातल्या चारांचं प्लास्टिकही काढलेलं नाही. आता ऑफिसनं एआयचं टूल दिलंय. कोड ते लिहितं, मी 'ओके' म्हणतो. गेल्या महिन्यात ते एक दिवस बंद पडलं, तर तारखांची यादी क्रमानं लावायचा साधा प्रोग्रॅम लिहिताना मी अडलो. त्या रात्री झोप लागली नाही. वडील केळीवाले आहेत. ते विचारतात, 'दिनभर बशीसन नेमकं काय करस रे तू?' मला उत्तर देता येत नाही. पुढं काय शिकू? पुस्तकं वाचू की व्हिडिओ पुरतात? आणि गावात राहून मी मागं पडतोय का?

उत्तर

राम राम भाऊ,

वयानं तू माझ्या पुतण्याएवढा, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. तू तीन प्रश्न विचारलेस, पण त्यांच्या आधीचा, वडिलांचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. शेवटी त्याच्याकडं येतो.

आधी एका मोटारीची गोष्ट. यावल-रावेरकडं बोअरचं पाणी किती खाली गेलंय हे तुला सांगायला नको. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून माझ्या काकांनी स्टार्टरला ऑटो बसवून घेतला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. कित्येक वर्षांनी काका रात्रभर घरी झोपायला लागले. दोन वर्षं मजेत गेली. मग एका मे महिन्यात बोअरचं पाणी तुटलं. ऑटोला त्याचं काय? लाइट होती, त्यानं मोटार चालवली. कोरडी. सकाळी बघतो तर वाइंडिंग जळालेलं. मोटार वर काढायची मजुरी, रिवाइंडिंगचा खर्च, आणि ऐन उन्हाळ्यात आठ दिवस केळीला पाणी नाही.

काकांनी ऑटो काढून टाकला नाही. तो अजून आहे. फक्त उन्हाळ्यात ते रात्री एकदा उठून शेतात चक्कर मारतात, पाइपाला हात लावतात, कान देतात. पाणी तुटायला लागलं की पाइप आधी गचके खातो, हवा मारतो, मग मोटारीचा आवाज हलका होतो. काकांना हे झोपेतही कळतं. माझ्या चुलतभावाला कळत नाही. तो आळशी आहे असं नाही, पण तो शेतात यायला लागला तेव्हा ऑटो आधीच बसलेला होता.

तू त्या चुलतभावाच्या जागी आहेस. म्हणून 'एआय सोडून दे' असं मी तुला सांगणार नाही. मीही ते वापरतो. एकसारख्या वीस चाचण्या लिहायच्या असतील, जुनी फाइल एका साच्यातून दुसऱ्यात घालायची असेल, तर बिनदिक्कत त्याला जुंपतो. पण ते लाइट बघून चालतं, पाणी बघून नाही. अस्तित्वातच नसलेलं फंक्शन त्यानं मला इतक्या आत्मविश्वासानं सुचवलंय की मीच खजील होऊन कागदपत्रं पुन्हा चाळत बसलोय.

कान तयार असला की काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा, पोस्टग्रेस या डेटाबेसचा (माहिती साठवून शोधून देणाऱ्या प्रणालीचा) एक डेव्हलपर स्वतःचं वेगाचं मोजमाप करत बसला होता. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात जांभई देतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्यानं धागा धरला, आणि तो फाइली दाबून लहान करणाऱ्या, एक्सझेड नावाच्या एका साध्या लायब्ररीपर्यंत (तयार कोडच्या गठ्ठ्यापर्यंत) गेला. कुणीतरी त्या प्रकल्पात दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून आत चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला नसता तर जगभरातल्या लिनक्स सर्व्हरांचं काही खरं नव्हतं. हे कुठल्या टूलनं पकडलं नाही. नेहमीचा आवाज कसा असतो हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं पकडलं.

आता तुझा पहिला प्रश्न. तू तारखांवर अडलास हे मला बरंच वाटलं, कारण तारखांत मजा आहे. ती यादी मजकूर म्हणून साठवलेली होती का ते बघ. दिवस आधी, मग महिना, मग वर्ष असं लिहिलं की मशीन डावीकडून वाचतं आणि ०२-०१-२०२५ ही तारीख १५-१२-२०२४ च्या आधी बसवतं. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिलं तर तीच यादी काही न करता क्रमात लागते. हे एवढं कळलेला माणूस टूलनं दिलेला कोड वाचताना पहिल्या झटक्यात विचारतो, 'ही तारीख आहे की तारखेसारखा दिसणारा मजकूर?' तू 'ओके' म्हणालास तेव्हा नेमका हा प्रश्न तुझ्या डोक्यात नव्हता.

मी १९९६ साली जळगावात एका पतपेढीच्या कामावर लागलो तेव्हा फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमचं राज्य होतं. पतपेढी, जिनिंग, दूध सोसायटी, जिकडं बघावं तिकडं तेच. मला त्याच्या कमांडी पाढ्यांसारख्या पाठ होत्या आणि त्याचा मला फार माज होता. मायक्रोसॉफ्टनं त्याची शेवटची आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ साली सपोर्टही बंद केला. आज त्या कमांडी मी कुणाला म्हणून दाखवल्या तर घरचे डॉक्टरला फोन लावतील.

पण त्याच पतपेढीत एक गोष्ट हाताला लागली ती अजून पोट भरतेय. सभासदाला आडनावानं शोधायला फार वेळ लागायचा. मी हुशारी करून आडनावावर इंडेक्स लावला. ढिम्म फरक नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला की आपण खान्देशात आहोत. निम्मे सभासद पाटील, उरलेल्यांत चौधरी आणि महाजन. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची. सूचीत एका शब्दापुढं निम्म्या पुस्तकाचे पानक्रमांक असतील तर सूची उघडण्यापेक्षा सरळ पुस्तक चाळलेलं बरं. मग आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव अशी एकत्र किल्ली केली, आणि मॅनेजरांचा चहा थंड व्हायच्या आत खातं सापडायला लागलं. पुढं पोस्टग्रेसवर काम करताना दिसलं की अशा वेळी तो डेटाबेस स्वतःच इंडेक्स बाजूला ठेवतो आणि सगळं टेबल वाचून काढतो. नव्या पोरांना तो बग वाटतो. मला आमची सभासदांची यादी आठवते.

फॉक्सप्रो गेलं, सूची राहिली. डेटा टेबलांत कसा मांडावा यावरचा संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचा निबंध १९७० चा आहे, आणि त्यावर उभं राहिलेलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तू आजही रोज वापरतोस. उलट वेबपानं बनवायचं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० ला आलं, आणि २०१६ ला अँग्युलरची नवी आवृत्ती आली ती जुन्याशी जुळतच नव्हती. ज्यांनी त्यातले बारकावे पाठ केले होते ते रडले. ज्यांना ब्राउझर पान कसं रंगवतो, विनंती सर्व्हरकडं कशी जाते आणि उत्तर कसं परत येतं हे ठाऊक होतं, त्यांनी पंधरा दिवस शिव्या दिल्या आणि कामाला लागले.

म्हणून पाचवं फ्रेमवर्क शिकू नकोस. आत्ता जे वापरतोस त्याच्या एक पायरी खाली उतर. एकच. थेट चिप आणि ट्रान्झिस्टरपर्यंत जायची गरज नाही, तो उत्साह दोन आठवड्यांत मावळतो. तू वेबचं काम करतोस असं धरतो, तर एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) आणि तुझा डेटाबेस आतून कसा चालतो, एवढंच या वर्षी पुरे.

पायरी खाली न उतरल्याचा दंड मी स्वतः भरलाय. काही वर्षांपूर्वी एका दूध सोसायटीला रोजचं दूध, फॅट आणि दर शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एसएमएसनं पाठवायचं काम मी करून दिलं. इंग्रजी मेसेज शंभरेक अक्षरांचा होता. चेअरमन म्हणाले, 'मराठीत पाहिजे.' रास्त मागणी. मी मराठी केलं, तोही नव्वदेक अक्षरांचा झाला, उलट लहानच. महिनाअखेरीला बिल दुप्पट! मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी मी फोनवर तावातावानं भांडलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, 'साहेब, तुमचा मेसेज मराठीत आहे ना?' तेव्हा माझी ट्यूब पेटली.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एक बाइट म्हणजे ८ बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं जातात. देवनागरी अक्षराला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्याच्या पुढं गेलास की दुसरा मेसेज, दुसरे पैसे. वर आणखी गंमत म्हणजे आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते मशीनला एक नसतं. 'क्षि' हे तुला-मला एक अक्षर, मशीनला चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत त्याचे बारा बाइट होतात. मला सगळी फ्रेमवर्कं येत होती आणि माझ्याच लिपीचं एक अक्षर मोजता येत नव्हतं. सोसायटीचा जादा खर्च मी माझ्या बिलातून वळता केला. त्या महिन्यात घरी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

आता पुस्तकं. पुस्तक विकत घेतलं की ते निम्मं वाचल्यासारखं वाटतं, हा आजार मलाही आहे. नऊपैकी पाच कुणाला तरी देऊन टाक. विशेषतः ज्यांच्या मुखपृष्ठावर एखाद्या टूलच्या आवृत्तीचा आकडा छापलाय ती आधी. ती दुधासारखी असतात, नासायच्या आत संपवायची.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला तू गेला असशीलच. देवीला नारळ फोडून लोक परत फिरतात, पण तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखाची गोष्ट आपल्या धंद्याची आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याची ती नोंद. बाजारातल्या व्यवहारातून मठाला काय द्यायचं हेही त्यात लिहिलंय, आणि काही ओळी चक्क मराठीत आहेत. 'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा, 'लीलावती' हा त्याचाच भाग. म्हणजे ग्रंथ होऊन ५७ वर्षं झाली तरी तो नीट समजून घ्यायला एक जागा, काही माणसं आणि गावाचा पैसा लागतो, हे त्या लोकांना ठाऊक होतं. तू मात्र जाडजूड पुस्तक आणतोस, रात्री साडेअकराला एकटा उघडतोस, आणि तिसऱ्या पानावर झोप आली म्हणून स्वतःला दोष देतोस.

'लीलावती'ची रचना बघ. नियम दोन-चार ओळींत, आणि लगेच उदाहरण. उदाहरण म्हणजे वाचणाऱ्याला विचारलेला प्रश्न: भुंगे किती होते सांग, मोरानं सापाला कुठं गाठलं सांग. वाचत पुढं जायची सोयच नाही, हिशेब करावा लागतो. केर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक त्याच जातीचं. १९७८ ला आलं, दुसरी आवृत्ती १९८८ ची, आणि तीही तीनशे पानांच्या आत. माझी प्रत पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाली. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं भरपूर खुणा केल्या होत्या, त्या पाचव्या प्रकरणात अचानक थांबतात. पाचवं प्रकरण पॉइंटरचं, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचं आहे, तिथं भलेभले अडतात. त्या अनोळखी माणसाबद्दल मला अजून जिव्हाळा वाटतो.

असं पुस्तक दिवसाला चार पानं, समोर मशीन उघडं ठेवून. प्रत्येक उदाहरण हातानं टाइप करायचं, कॉपी-पेस्ट नाही. ते चाललं की मुद्दाम मोडायचं, मोडल्यावर काय संदेश येतो तो वाचायचा, आणि तो का आला याचा अंदाज एका वहीत लिहायचा. एआयला विचारायचं ते त्या अंदाजानंतर. अंदाज चुकला तर फारच छान, कारण चुकलेला अंदाज डोक्यात पक्का बसतो.

सगळीच पुस्तकं अशी वाचायची नसतात. फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ चं आहे, आयबीएमच्या एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावर लिहिलेलं. ते खाटेवर लोळत वाच. त्यातला एक मुद्दा असा की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी लांबतं. केळीची गाडी भरायला चार माणसं जास्त आली तर गाडी लवकर भरते, कारण घड कसा उचलायचा हे त्यांना समजावत बसावं लागत नाही. आपल्याकडं नव्या चौघांना समजावण्यातच जुन्या चौघांचा महिना जातो. तुझ्या मॅनेजरनं गेल्या तिमाहीत काय केलं ते तुला आठवेल.

व्हिडिओंचं काय? माझं त्यांच्याशी वैर नाही. हात कसे चालतात ते बघायला ते उत्तम. पण भरिताची वांगी कशी भाजतात हे दहा वेळा बघून कुणाचं पोट भरलेलं मी पाहिलं नाही.

गावात राहून मागं पडतोस का, यावर लांबण लावत नाही. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप करायला निघालेली कंपनी पुढं संगणकात गेली आणि आज जग तिला विप्रो म्हणून ओळखतं, असं अभिमानानं सांगायची आपल्याकडं पद्धत आहे. तिचं मुख्यालय बेंगळुरूला आहे, हे सांगताना मात्र आपला आवाज जरा खाली येतो. गावात एक गोष्ट नक्की कमी पडते, आणि ती इंटरनेट नाही. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कमी पडतो. 'हे असं का केलंस रे?' असं विचारणारा. पुण्यात तो चहाच्या टपरीवर फुकट मिळायचा, इथं तो शोधावा लागेल. चोपड्यात, जळगावात घरून काम करणारी तुझ्यासारखी पोरं पुष्कळ आहेत. दोघं गाठ, रविवारी सकाळी दोन तास बसा, एकच पुस्तक, एकच प्रकरण. शेवभाजीचा बेत दुपारी ठेवा, आधी ठेवलात तर पुस्तक उघडणार नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्याचं उत्तर तोंडी देऊच नकोस. त्यांच्या स्टार्टरला ऑटो असेल, नसेल तर येईलच. मोटार कोरडी चालली की ती कमी करंट ओढते. काका कानानं ऐकतात तेच आकड्यात दिसतं. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर मिळतो. तो, एक लहान मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) आणि सिमकार्डचं एक मॉड्यूल घे. लाइट कधी आली, मोटार किती वेळ चालली, करंट कधी पडला, याची नोंद ठेव आणि तो पडला की वडिलांना मेसेज जाऊ दे. पॅनलमध्ये स्वतः हात घालू नकोस, थ्री फेज आहे, वायरमनला बोलाव. आणि याचा कोड पहिल्यांदा तू लिही, टूलला नंतर दाखव. किती करंट म्हणजे 'कोरडी', हा आकडा टूलला माहीत नाही, तुलाही नाही. त्यासाठी तुला वडिलांबरोबर रात्री शेतात उभं राहावं लागेल. ते कान देतील, तू आकडा लिहून घ्यायचास.

हे बनलं, चाललं, दोन पावसाळ्यांत तीनदा बिघडलं आणि तिन्ही वेळा तूच दुरुस्त केलंस, तर मला पुन्हा पत्र लिही. वडिलांना मेसेज अहिराणीत पाठवणार असशील तर तो सत्तर अक्षरांच्या आत बसव. वेलांट्या मोजून.